उलटतपासणी : सैतानाचं वकीलपत्र

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, सिनेमातला सरकारी वकील नेहमी हरतोच का? उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो, "आमच्या धंद्याची बदनामी जुनीच आहे. जगातला पहिला सरकारी वकील म्हणजे सैतान." झालं! नऊ वर्षं या सदरात वारसनोंद, भाडेकरू आणि सोसायटीचं पार्किंग यांवरची पत्रं येतात. या वेळी टपाल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून बावीस पत्रं आली आणि त्यांतल्या अठरांत सैतान. संपादक म्हणाले, होऊन जाऊ दे. तेव्हा या महिन्यापुरतं भाडेकरूंनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न (एक वाचक, फत्तेगंज, बडोदा) : आम्ही ख्रिस्ती आहोत, घरी रोज बायबल वाचलं जातं. सैतान हा देवाचा आणि माणसाचा वैरी. त्याला तुम्ही सरकारी वकील म्हणालात, तो नुसता विनोद की त्याला काही आधार आहे?

आधार तुमच्या घरच्याच पुस्तकात आहे, आणि मला तो दाखवला तुमच्यातल्याच एकांनी.

गोष्ट १९८७ सालची. कोर्ट तेव्हा न्यायमंदिरात भरायचं, सूरसागरजवळ. (आता ते दिवाळीपुऱ्याला गेलं. जुन्या इमारतीवरून जाताना माझी मान अजून आपोआप तिकडे वळते.) कारखान्यातून तांब्याची तार चोरल्याच्या खटल्यात एकोणीस वर्षांच्या पोराला शिक्षा झाली. पुरावा चोख होता, मी माझं काम केलं होतं. बाहेर व्हरांड्यात त्याची आई खांबाला टेकून बसली होती. मी फायली काखेत मारून निघालो तशी ती उठली, माझ्या काळ्या कोटाची बाही धरली आणि म्हणाली, "साहेब, तमे माणस नथी. शेतान छो." ओरडून म्हणाली असती तर मी विसरलो असतो. रोज कुणी ना कुणी ओरडायचंच. ती अगदी हळू म्हणाली, जणू मला माहीत नसलेली माहिती देत होती.

त्या दिवशी डबा तसाच परत बांधला. आमच्या कोर्टात एक स्टेनो होते, अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. त्यांच्या ते लक्षात आलं. "मनावर घेऊ नका" वगैरे काही ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मराठी बायबल घेऊन आले, आत खुणेला बसचं तिकीट. म्हणाले, "बाई बोलली ते कायद्याच्या भाषेत बरोबर आहे, साहेब. वाचा." खूण ईयोबाच्या पुस्तकात होती.

मी ते टपरीवर शेव-उसळ खाता खाता वाचलं आणि उसळ गार झाली. देवाचा दरबार भरलाय. देवपुत्र हजर आहेत आणि त्यांच्यात सैतानही आहे. चोरून शिरलेला नाही, हजेरीला आलाय. देव विचारतो, कुठून आलास? तो म्हणतो, पृथ्वीवर इकडेतिकडे हिंडून. मग देव स्वतःच ईयोबाचा विषय काढतो, की असा नेक माणूस दुसरा नाही. त्यावर सैतान एकच प्रश्न टाकतो : ईयोब काय फुकट तुमचं भय बाळगतो? सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, भरलं घर. हे काढून घ्या आणि मग बघा. मी एकतीस वर्षं उलटतपासणी घेतली, याहून नेमका प्रश्न मला सुचला नाही. आणि पुढचं बघा. तो परवानगीशिवाय बोट लावत नाही. आधी हुकूम होतो, मालमत्तेला हात लाव, माणसाला नाही. मग दुसरा हुकूम, शरीराला लाव, जीव घेऊ नको. दोन्ही हुकूम तो तंतोतंत पाळतो. पुस्तकाचे बेचाळीस अध्याय आहेत आणि दुसऱ्या अध्यायानंतर हा पुन्हा दिसतच नाही. खटला उभा करून वकील गैरहजर!

मूळ हिब्रूत तिथे 'हा-सातान' आहे. 'हा' म्हणजे 'तो अमुक', इंग्रजीतल्या 'द'सारखा. म्हणजे ते विशेषनाम नाही, हुद्दा आहे : विरोध करणारा, आरोप ठेवणारा. आपण 'मामलेदार' म्हणतो तसं. गणना या पुस्तकात तर बलाम नावाच्या द्रष्ट्याच्या गाढवीला वाट अडवायला तलवार उपसून जो देवदूत उभा राहतो, त्याच्या अडवण्यालाही हाच शब्द वापरलाय. तिथे 'सातान' होऊन उभा राहणारा देवाचाच माणूस आहे. (गाढवीला तो दिसतो आणि द्रष्ट्याला दिसत नाही, हा भाग मला फार आवडतो.) जखऱ्याच्या पुस्तकात मुख्य याजक मळक्या कपड्यांत उभा आहे आणि त्याच्या उजव्या हाताला सैतान, आरोप ठेवायला. मळके कपडे हा मुद्देमालच की. देव उलट सैतानालाच दटावतो आणि आरोपीला स्वच्छ कपडे चढवतो. माझ्या बाबतीत कुणी असा मुद्देमाल धुऊन टाकला असता तर मी अपिलात गेलो असतो.

मग हा अधिकारी वैरी कधी झाला? मला पटलेला दाखला सांगतो. दावीद राजा शिरगणती करतो आणि त्यापायी रोगराई येते, ही कथा बायबलात दोनदा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीदाला ही बुद्धी देतो देव, रागावून. पुढे लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तीच कथा, तोच राजा, तीच गणती, पण बुद्धी देतो सैतान. दोन पुस्तकांच्या मधल्या काळात देवाच्या नावावरचं एक काम सैतानाच्या खात्यावर चढलं. आमच्यात म्हण होती : फिर्याद सरकारची, शिव्या वकिलाला.

पुढे ग्रीकमध्ये त्याचा 'दियाबोलोस' झाला, म्हणजे चहाडखोर, खोटा आळ घेणारा. इंग्रजीतला 'डेव्हिल' त्यातूनच आला. प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात तो अजगर होतो, एदेन बागेतला जुना सापही तोच असं तिथे सुचवलंय (उत्पत्तीच्या पुस्तकात तो साप म्हणजे नुसता सापच आहे), आणि त्याला आकाशातून खाली टाकतात. पण तिथेही त्याची ओळख करून देताना जुना हुद्दा सुटत नाही : आमच्या बांधवांवर देवासमोर रात्रंदिवस आरोप करणारा. आणि योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला मराठी बायबल काय म्हणतं, ते तुम्हाला माहीतच आहे. 'कैवारी'. मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ आरोपीच्या बाजूने बोलणारा. म्हणजे बचाव पक्षाचीही नेमणूक झाली.

त्या बाईला हे सगळं सांगायला मी कधी गेलो नाही. काय सांगणार होतो?

प्रश्न (एक शिक्षिका, इंदूर) : शाळेच्या नाताळच्या नाटकात सैतान झालेल्या मुलाला काळे कपडे, शिंगं, शेपूट आणि त्रिशूळ दिला. त्रिशुळाला एका पालकांनी हरकत घेतली. मूळ सैतान दिसतो कसा?

हरकत वाजवी आहे, त्रिशूळ काढून घ्या. बाकीचं सामानही काढलंत तरी चालेल, कारण बायबलात शिंगंवाला, खुरांचा माणूस कुठेच नाही. प्रकटीकरणातल्या अजगराला सात डोकी आणि दहा शिंगं आहेत, पण तेवढी तुमच्या नाटकाला परवडायची नाहीत.

इटलीत रावेन्ना गावच्या सहाव्या शतकातल्या एका चर्चमध्ये भिंतीवर रंगीत तुकड्यांचं चित्र आहे. मधोमध येशू. एका बाजूला मेंढरं आणि त्यांच्यामागे लाल देवदूत, दुसऱ्या बाजूला बकऱ्या आणि त्यांच्यामागे निळा देवदूत. हा निळा म्हणजे सैतानाचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं चित्र, असं काही अभ्यासक मानतात. तो देखणा आहे, तरुण आहे, डोक्यामागे प्रभावळसुद्धा आहे. चुकीच्या कळपाशी उभा आहे, एवढंच.

शिंगं आणि खूर नंतर आले. त्यात ग्रीकांच्या पॅन या गुराख्यांच्या देवाचा मोठा हात, कमरेखाली तो बोकडच. जुन्या धर्मातला देव नव्या धर्मात भूत झाला. यात आपल्याला नवल वाटू नये. गोव्यात हिंदूंचा 'देवचार' हा गावाची राखण करणारा, रात्री हातात काठी घेऊन फिरणारा. तिथल्या ख्रिस्ती कोकणीत 'देवचार' म्हणजे सैतान! शब्द तोच, नुसती बाजू बदलली. मध्ययुगातल्या चित्रकारांनी मग नरकात आकडे, काटे, दातेरी अवजारं वाटली, पापी उलटेपालटे करायला. तुमचा त्रिशूळ त्या सामानातला.

त्या काळचं सर्वांत गाजलेलं चित्र स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हाताने लिहिलेला ग्रंथ, उंची जवळजवळ तीन फूट, वजन ७५ किलो. तीस वर्षांच्या युद्धाच्या शेवटी, १६४८ मध्ये, स्वीडनच्या फौजेने तो प्रागहून लुटून नेला. त्यात एका पानभर सैतान उकिडवा बसलाय : हिरवा चेहरा, तांबडी शिंगं, हातापायांना चार-चार बोटं आणि कमरेला राजेलोक वापरतात तसल्या फरचं फडकं. समोरच्या पानावर स्वर्गाचं नगर. दंतकथा अशी की भिंतीत चिणायची शिक्षा झालेल्या साधूने सैतानाच्या मदतीने सगळा ग्रंथ एका रात्रीत लिहिला. नकलांसाठी तिष्ठणारे आमचे पक्षकार हे ऐकून त्या साधूचा पत्ता मागतील.

नाटकासाठी माझी सूचना अशी. प्रेषित पौल बायबलातल्या एका पत्रात लिहितो की सैतान तेजस्वी दूताचं सोंग घेतो. आणि रानात येशूला मोहात पाडायला येतो तेव्हा तो चक्क स्तोत्रसंहितेतलं वचन दाखल करतो. पोराला इस्त्रीचा पांढरा सदरा घाला आणि हातात पुस्तक द्या. आठवीतल्या मुलांना भीती कशाची वाटायला हवी, ते आपोआप कळेल.

प्रश्न (एक वाचक, ग्वाल्हेर) : लूसिफर आणि सैतान एकच का? माझा नातू त्याचं चित्र असलेला टी-शर्ट घालून फिरतो, जणू कुणी क्रांतिकारक.

लूसिफर म्हणजे शुक्राची चांदणी. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाची टर उडवलीय, की पहाटेच्या ताऱ्या, कसा रे आकाशातून खाली पडलास! चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम या धर्मपंडिताने बायबल लॅटिनमध्ये आणताना तिथे पहाटताऱ्याचा साधा लॅटिन शब्द ठेवला, लूसिफर, प्रकाश आणणारा. राजाची टर पुढे लोकांनी सैतानाला चिकटवली. पण त्याच लॅटिन बायबलात पेत्राच्या दुसऱ्या पत्रात हाच शब्द 'तुमच्या अंतःकरणात उगवो' असा चांगल्या अर्थी आलाय. चौथ्या शतकात सार्डिनियात लूसिफर नावाचे एक बिशपही होते. आपल्याकडेही शुक्र हा असुरांचा गुरू. पहाटेच्या या तेजस्वी ताऱ्यावर दोन मुलखांतल्या लोकांनी संशय का घेतला असावा, हे मी कधी कधी गच्चीवर चहा घेताना मनाशी घोळवतो.

टी-शर्टचं मूळ १६६७ मध्ये आहे. जॉन मिल्टन, आंधळा झालेला इंग्रज कवी. त्याच्या देशाने १६४९ मध्ये राजाचं मुंडकं उडवलं होतं आणि मिल्टनने त्या कृत्याचं लेखी समर्थन केलं होतं. पुढे राजेशाही परत आली आणि मिल्टनची बाजू हरली. मग त्याने 'पॅराडाइज लॉस्ट' हे महाकाव्य लिहिलं आणि त्यात सैतानाच्या तोंडी अशी भाषणं घातली की ईश्वराची भाषणं त्यापुढे परिपत्रकासारखी वाटतात. इतकी शतकं आरोप करणाऱ्याला पहिल्यांदा स्वतःचा बचाव करायला मिळाला आणि त्याने संधीचं सोनं केलं. नातवाला टी-शर्ट घालू दे. फक्त ते काव्य पुरतं वाच म्हणावं. पुढेपुढे तोच सैतान बेडूक होऊन झोपलेल्या बाईच्या कानाशी बसतो. तो भाग टी-शर्टवर छापत नाहीत.

प्रश्न (एक वाचक, अलकापुरी, बडोदा) : सैतान ही कल्पना पारशांकडून उचललेली, असं वाचलं. खरं का?

यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासातून इराणच्या कोरेश राजाने सोडवले, त्यानंतर दोनशे वर्षं ते इराणी अमलाखाली राहिले. झरथुष्ट्राच्या धर्मात अहुर मझ्दाच्या विरुद्ध अंग्र मइन्यू, म्हणजे अहरिमन, आधीपासून उभा होता. वारा लागला असणारच. किती लागला, यावर विद्वान अजून भांडताहेत. फरक मात्र मोठा आहे. ख्रिस्ती सैतान देवानेच घडवलेला, दुसरा देव नव्हे. तो मुळात चांगला निर्माण झाला आणि स्वतःच्या करणीने बिघडला, असं १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, लिहूनच ठेवलंय.

आमचे शेजारी पारशी होते, मूळ नवसारीचे. सकाळी पूर्वेला तोंड करून कस्ती, म्हणजे कमरेची पवित्र दोरी, बांधताना ते अहरिमनचं नाव घेत आणि कस्तीची टोकं फटकारत. अंगणातून तो फट् आवाज आला की आई म्हणायची, सात वाजले. त्या प्रार्थनेत 'शिकस्ते' हा शब्द येतो, मोडो, पराभूत होवो. आपण 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणतो ती हीच. मराठी माणसाने शिकस्त प्रयत्नांची केली, अहरिमन सुटला.

प्रश्न (नाव-गाव नको) : भावजयीला रात्री आवाज ऐकू येतात, ती बदललेल्या आवाजात बोलते. कुणी वळगाड (भूतबाधा) म्हणतं, कुणी सैतान उतरवणाऱ्या प्रार्थनासभेला न्यायला सांगतं. न्यावं का?

आधी मानसोपचारतज्ज्ञ. या आठवड्यात. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, तिथे जायला लाज कसली? कॅथलिक चर्चचा स्वतःचा नियमही ऐका. बिशपच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कुठल्याही पाद्र्याला असा विधी करता येत नाही. आणि १९९९ मध्ये सुधारून छापलेल्या विधीत आजाराला बाधा समजू नका, वैद्यकीय सल्ला घ्या, अशी ताकीद आहे. ज्यांच्या घरचा सैतान ते इतके जपून, मग आपण का घाई करायची? मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असलं काही कुणी सुरू केलं तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून आणि गुजरातेत २०२४ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. युरोपात अशाच संशयावरून तीनएकशे वर्षांत चाळीस ते साठ हजार माणसांना चेटकीण ठरवून मारलं, बहुतेक बायका. फोन नंबर संपादकांकडे ठेवलाय, मी स्वतः बोलेन.

प्रश्न (एक कायद्याचा विद्यार्थी, बडोदा) : सर, सैतानावर दावा लावता येईल का?

लावून झालाय, बाळ. १९७१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका कैद्याने फेडरल कोर्टात सैतान आणि त्याचे नोकरचाकर यांच्यावर दावा टाकला, की यांनी माझ्या वाटेत अडथळे आणून माझं वाटोळं केलं. नादार म्हणून फी माफ करा असा अर्जही जोडला. न्यायाधीशांनी गंभीरपणे आदेश लिहिला : प्रतिवादी या जिल्ह्यात राहतो असं दाव्यात कुठे म्हटलेलं नाही, आणि समन्स कुठे व कसं बजावायचं याच्या सूचना वादीने दिलेल्या नाहीत. अर्ज नामंजूर.

उलटा दावा त्याहून जुना. बार्तोलस या चौदाव्या शतकातल्या इटालियन कायदेपंडिताच्या नावावर एक लॅटिन प्रकरण चालतं, कायद्याच्या विद्यार्थ्यांना कार्यपद्धती शिकवायला वापरलेलं. त्यात सैतानाचा मुखत्यार येशूच्या कोर्टात येतो, मुखत्यारपत्र दाखल करतो आणि म्हणतो, मानवजात आमच्या कबजात होती, आमचा कबजा बेकायदा काढून घेतला, तो परत द्या. मानवजातीतर्फे उभी राहते मरीया. लगेच मुखत्याराची हरकत : एक, ही बाई आहे, बाईला वकिली करता येत नाही. दोन, ही न्यायाधीशांची आई आहे! दोन्ही हरकती फेटाळल्या जातात आणि मरीया खटला जिंकते. आपल्याकडे बायकांना वकिलीची दारं १९२३ च्या कायद्याने उघडली. माझी पहिली ज्युनिअर मुलगी कोर्टात उभी राहिली तेव्हा समोरच्या वकिलाचा चेहरा त्या मुखत्यारासारखाच झाला होता.

समन्सचं म्हणशील तर बडोद्यात अडचण आली नसती. आमच्या एका बेलिफाचा हात असा बसलेला होता की दारी जायच्या आधीच तो शेरा लिहून ठेवायचा : 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, शेजाऱ्यांकडे चौकशी करता सर्वांनी ओळखत असल्याचे सांगितले.'

पुढच्या अंकात पागडीचे प्रश्न घेतो. सात साठलेत.